अंगाला सवय हवी

पालकहो,

पाऊस जोर धरतो आणि मुळशीत दोन तऱ्हांची कंबरदुखी माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे येते. एक खाचरातून येते. दुसरी शाळेच्या गणवेशात, आईच्या स्कूटरवर मागे बसून. आणि ही दुसरी कंबरदुखी घेऊन आलेली आई दारातूनच सुरुवात करते, "अहो, ह्याची आजी साठीत दिवसभर आवणी करते. हा नववीत, आणि म्हणे वर्गात बसून कंबर दुखते! नाटकं तर नाहीत ना?"

नाटकं नाहीत. खरंच दुखते त्याची कंबर. पण "आजकालच्या पोरांत दमच नाही" हे जे पुढचं वाक्य तुमच्या तोंडावर असतं, ते जरा बाजूला ठेवा. त्या वाक्याने आजवर कुणाची कंबर बरी झालेली नाही.

आजीला एकदा काम करताना नीट बघा. पाय फाकलेले, गुडघे किंचित मोकळे, आणि वाक कमरेतून कमी, खुब्यातून जास्त. डाव्या हातात रोपांची मूठ, त्याच हाताचं कोपर मांडीवर टेकवलेलं, म्हणजे वरच्या धडाचा थोडा भार पायावर उतरलेला. उजवा हात दोन-चार काड्या सोडवून चिखलात खोचतो, आणि बाई मागे मागे सरकत जाते. पात संपली की उभी राहते, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकते, शेजारणीला काहीतरी बोलते, मग पुन्हा वाकते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. बघून बघून अंगात मुरलंय.

तरीही आवणीचं गुणगान गाणार नाही मी. तिचीही कंबर संध्याकाळी धरते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि हे कष्ट आहेत, व्यायाम नव्हे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा खाचरात उभी असते, त्याचं कारण आवणीत नाही, आधीच्या महिन्यांत आहे. उन्हाळ्यात राब भाजायला पालापाचोळा गोळा केलेला असतो, शेणाच्या पाट्या वाहिलेल्या असतात, जळण आणलेलं असतं, उकिडवं बसून भांडी घासलेली असतात. आवणी म्हणजे तिच्या अंगाला रोजच्यापेक्षा एक पायरी जास्त.

आता तिच्या मुलाकडे बघा, म्हणजे तुमच्याकडेच. पिरंगुटच्या कंपनीत मशीनवर उभं राहून किंवा हिंजवडीत संगणकापुढे बसून वर्ष काढायचं, आवणीला दोन दिवसांची रजा टाकायची आणि एकदम खाचरात उतरायचं. तिसऱ्या दिवशी उसण भरते. मग चेहऱ्यावर आश्चर्य, "घरचीच शेती आहे हो आमची, लहानपणापासून केलंय." जमीन वडिलोपार्जित असते, कंबर नसते.

दुखण्या-खुपण्याचा मोठा भाग ह्या एका गोष्टीत आहे. अंगाला ज्याची सवय आहे आणि आपण त्याच्याकडून अचानक जे मागतो, ह्या दोन्हींत अंतर पडलं की काहीतरी तुटतं, ताणलं जातं, लचकतं. आणि सवय अंगाच्या सगळ्या भागांना एका वेगाने लागत नाही. दम सगळ्यांत आधी वाढतो, दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. स्नायू त्याच्या मागून. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश, आणि हाडाला महिने लागतात. दम आलाय म्हणून आपण वाढवत जातो, आणि मागे राहिलेलं हाड बिचारं ओरडतं.

आपल्या तालुक्यात ही गोष्ट पुस्तकाविना कुणाला कळली असेल तर ती तालमीतल्या वस्तादांना. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन भूगावला भरलं होतं, अभिजित कटकेने किरण भगतला हरवून गदा नेली, ते तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं असेल. गदा सगळ्यांना दिसते. तालमीतली पहाट फारसं कुणी बघत नाही. हौद्यातली तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला. ही माती रोज फावड्याने उकरावी लागते, नाहीतर ती घट्ट बसते. आणि ती उकरायचं काम असतं पोरांकडे. ह्यात एका दगडात दोन पक्षी मारले जातात. माती भुसभुशीत झाल्याने पडणाऱ्याला मार कमी बसतो, आणि उकरणाऱ्याचे खांदे, कंबर, मांड्या लढतीआधीच गरम होतात. नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणी कुस्तीला उभं करत नाही. आधी माती, मग थोडे जोर, थोड्या बैठका, मग त्या हळूहळू वाढवायच्या. पडायचं कसं, खांद्यावरून लोळण कशी घ्यायची, हे अंगवळणी पडलं की मग जोड लावायची, तीही वजनाला वजन बघून.

गंमत अशी की युरोपातल्या चार देशांत फुटबॉल खेळणाऱ्या लहान मुलांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाआधी पंधरा-वीस मिनिटं एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, आणि चक्क पडण्याचा सराव. ज्या संघांनी हे नेमाने केलं त्यांच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. वस्तादांना ह्यात नवीन काही वाटणार नाही.

तालमीतलं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मात्र नाही. वजनगटात बसवण्यासाठी मुलाचं पाणी तोडायचं, जेवण बंद करायचं, ही पद्धत काही ठिकाणी चालते. वाढत्या मुलाच्या बाबतीत ही पद्धत धोक्याची आहे. तिथे पालकांनी भीड न ठेवता नाही म्हणायचं.

आणि आता भरतीची पोरं. पहाटे पौडच्या रस्त्याने जाताना तुम्हाला ती दिसत असतील, डांबरावर, पातळ तळव्याचे बूट घालून पळणारी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. जाहिरात निघाली की तयारी सुरू! वर्षभर मोबाइलवर बसलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सात किलोमीटर पळतो, दम वाढतो, त्याला वाटतं जमतंय. महिन्याभरात नडगी दुखू लागते. आधी पळताना, मग चालताना, मग रात्री झोपेतसुद्धा. घरचे म्हणतात, "सहन कर, भरती तोंडावर आलीय." नडगीचं हे दुखणं वेळेवर ऐकलं तर थोडं पळणं कमी करून, मातीवर पळून, पोटऱ्यांना बळकटी आणून आवरतं. नाही ऐकलं तर हाडाला बारीक तडा जातो, आणि मग ती भरतीही जाते. नडगीच्या हाडावर एका ठरावीक जागी बोटाने दाबलं आणि मुलगा कळवळला, तर पळणं त्या दिवशीच थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. मुलाला वर्दीचं स्वप्न असेल तर दहावीपासूनच आठवड्यातून तीन-चार दिवस थोडंथोडं पळू दे. जाहिरातीची वाट बघायची कशाला?

नववीतल्या त्या मुलाच्या अंगाकडूनही असंच जास्तीचं मागितलं जातंय, फक्त उलट बाजूने. त्याच्याकडून मागितलं जातंय ते बसणं. भूगाव-पिरंगुटच्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये बसणं, वर्गात बसणं, क्लासला बसणं, घरी येऊन मोबाइल घेऊन सोफ्यात रुतून बसणं. इतकं बसायला माणसाचं कोणतंच अंग तयार नाही.

लगेच सगळे दप्तराकडे बोट दाखवतात. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं केंद्र सरकारच्या २०२०च्या धोरणात आहे. म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. काट्यावर ठेवून बघा, पाण्याची बाटली धरून. जास्त भरलं तर वेळापत्रक बघून पुस्तकं कमी करा, दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यायला लावा. पण सगळं खापर दप्तरावर फोडू नका. ह्या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये घेतला गेला, तेव्हा दप्तराच्या वजनामुळेच मुलांची पाठ दुखते असा पक्का पुरावा काही मिळाला नाही. मला विचाराल तर दप्तर पाठीवर घेऊन चालणारा मुलगा निदान चालतो तरी!

"ताठ बस" हेही सांगून सांगून तुम्ही थकला आहात. सोडून द्या. एकाच पोझमध्ये तासभर ताठ बसलेली पाठही दुखतेच. त्यापेक्षा बसणं मोडा. अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन येऊ दे. गणितं मांडी घालून बैठ्या डेस्कवर, वाचन पोटावर पालथं पडून, पाठांतर अंगणात फेऱ्या मारत. पाढे म्हणताना आपण सगळे डुलत नव्हतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं-स्नायू बळकट करणारे खेळ. हे ऐकून पालक मला लगेच विचारतात, "मग कुठला क्लास लावू?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. क्लास नको, अंगण द्या. ६० मिनिटं सलग नसली तरी चालतात. लंगडी, लगोरी, खो-खो, डोंगरावर चढणं, झाडावर लोंबकळणं, सगळं ह्यात येतं. लंगडी म्हणजे एका पायावरचा तोल, उडी आणि नीट उतरणं. घोटा मुरगळलेल्या माणसाकडून हेच करून घ्यायचे आम्ही पैसे घेतो.

भूगाव, बावधन, सूसकडच्या सोसायट्यांत एक नवीन अडचण दिसते. बाग आहे, पण हिरवळीवर खेळायला मनाई, पार्किंगमध्ये बॉल खेळायला मनाई, आणि बाहेर रस्त्यावर डंपर. मुलं जाणार कुठे? सोसायटीच्या सभेत देखभालखर्चावर तासभर भांडता तसं ह्यावर दहा मिनिटं भांडा. गावातल्या पालकांना जागेची चणचण नाही, पण तिथे दुसरं दिसतं. शेतातल्या कामातून मुलाला पूर्ण सोडवलेलं असतं. "आम्ही केलं ते पुरे, तू फक्त अभ्यास कर." ह्यामागची माया समजते. तरी मुलाने गोठ्यातली एखादी बादली उचलली, कणीक मळली, उकिडवं बसून अंगण झाडलं, पाटीभर माती वाहिली, तर अभ्यास बुडत नाही. फक्त बादली अंगाजवळ धरायची, गुडघे वाकवून उचलायची, आणि उचलल्यावर कमरेतून पिळून वळायचं नाही, पाय वळवायचे. हे एकदा दाखवावं लागतं.

मुलींबद्दल मात्र जरा कडक बोलणार आहे. पाळी सुरू झाली की मुलीचं खेळणं बंद होतं. कुणी बंद करा असं म्हणत नाही, ते आपोआप होतं. मैदान लांब, कपडे, लोक काय म्हणतील, घरातली कामं. आणि नेमकी हीच वर्षं हाडं भरण्याची असतात. मुलींच्या हाडांची भर बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत वेगाने पडते, मुलांची साधारण वर्षभर ते दीड वर्ष उशिरा. विशीपर्यंत बहुतेक हाड बनून जातं. त्या वयात जी मुलगी उड्या मारत नाही, पळत नाही, तिची ती उणीव पुढे औषधाच्या गोळ्यांनी पुरती भरून निघत नाही. भांडी घासणं हा खेळ नव्हे, हे वेगळं सांगायला नको. चांगली माप घेतलेली स्पोर्ट्स ब्रा आणि घरातल्या एकाची संध्याकाळी मैदानावर सोबत, एवढ्याने पुष्कळ मुलींचं खेळणं वाचतं.

दुसऱ्या टोकाचे पालकही भेटतात. मुलगा नऊ वर्षांचा, क्रिकेट अकादमीत रोज तीन तास, रविवारी सामने, सुट्टीत शिबिर. त्याची टाच दुखते, गुडघ्याच्या खालचं हाड टोचतं. वाढीच्या वयात हाडांची टोकं अजून कूर्चेची, मऊ असतात, कंडरा तिथे ओढत राहते आणि दुखतं. हे बहुतेकदा भार कमी केल्यावर निवळतं. एक साधा हिशेब लक्षात ठेवा: एका खेळाचा ठरवून घेतलेला सराव आठवड्यात मुलाच्या वयाइतक्या तासांपेक्षा जास्त नको. नऊ वर्षांचा असेल तर नऊ तास, बस. आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला सुट्टी, आणि वर्षातून दोन-तीन महिने दुसराच कुठला तरी खेळ. बाराव्या वर्षी वेगवान गोलंदाज म्हणून नाव काढलेल्या मुलाच्या कमरेच्या मणक्याला तडा गेलेला मी पाहिलाय. प्रशिक्षकाला हे विचारायला लाजू नका, "आठवड्याला किती चेंडू टाकायला लावता?" चांगला प्रशिक्षक मोजत असतो.

झोपेचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंच्या २०१४च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही.

खाण्याचं एवढंच, की डब्यात प्रोटीन पावडर भरण्याआधी आपल्या वरकस जमिनीकडे बघा. आंबेमोहोराचं कौतुक असावंच, पण कॅल्शियमच्या बाबतीत तांदूळ जवळपास रिकामा. डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. सकाळची आंबील, रात्रीची भाकरी, सोबत डाळ, अंडं, दूध-ताक जे घरात चालत असेल ते. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत आणि खेळताना पोटरीत गोळा येतो, तेवढं बघा.

राहता राहिले तुम्ही. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे गाड्यांची रांग लागते. आठवडाभर खुर्चीत, आणि रविवारी एकदम घनगड नाहीतर कैलासगड, ओल्या शेवाळलेल्या दगडांवरून. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढाला घाबरतात, पण गुडघे दुखतात ते उतरताना. घसरून पडणंही बहुतेक उतारावरच, पाय थकल्यावर. जायचं असेल तर महिनाभर आधी घराचे जिने उतरायची सवय करा, लिफ्ट वर जायला वापरा हवी तर. मुलाला घेऊन जाणार असाल तर त्याच्या पायांच्या वेगाने चला आणि पाऊस जोराचा असेल तर गड पुढच्या महिन्यातही तिथेच असतो. मोठ्यांसाठी आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं सांगितलेलं आहे. रोज जेवणानंतर मुलाला घेऊन गावात एक फेरी मारली तरी त्यातलं बरंचसं होतं, आणि वाटेत शाळेतल्या गोष्टी कळतात त्या वेगळ्या.

इतकं करूनही लागणारच. पाय मुरगळला की आपल्याकडे पहिली धाव तेलाकडे. ताज्या मुरगळीला दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, घट्ट पट्टी, पाय उंचावर. दुखणं सोसवेल तसं चालायला लावा, आठवडाभर खाटेवर ठेवू नका. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळवळत असेल, तर एक्स-रे काढायचाच.

लहान मुलांचे पाय रात्री दुखतात, दोन्ही पोटऱ्या, मांड्या, आणि सकाळी काही नसतं, दिवसभर हुंदडतात. असं असेल तर घाबरण्यासारखं नाही, पाय चेपून द्या. पण एकाच पायाचं दुखणं, सकाळीही लंगडणं, सांध्याला सूज, ताप, वजन उतरणं, पाठदुखीबरोबर पायाला मुंग्या किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ह्यातलं काहीही दिसलं तर लेप आणि हाडवैद्य ह्यांत आठवडा घालवायचा नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. जाण्याआधी दुखणं कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं हे कागदावर लिहून ठेवा. आणि तिथे मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलालाच देऊ द्या.